रातबेडूक बघायला सह्याद्रीत जाण्याआधी: मराठवाड्यातल्या गटांसाठी

रातबेडूक मराठवाड्यात सापडत नाहीत. गौताळ्यात नाहीत, येडशीच्या रामलिंग घाटात नाहीत, किनवट-माहूरच्या सागवानातही नाहीत. नायक्टिबाट्रॅकस ही सबंध प्रजाती, म्हणजे एकमेकांशी जवळचं नातं असलेल्या जातींचा हा गट, फक्त पश्चिम घाटात आहे. जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्यामुळे अजिंठ्याच्या डोंगरातल्या एखाद्या ओढ्यात तपकिरी बेडूक दिसला आणि कुणी त्याला रातबेडूक म्हणालं, तर वहीत लिहिण्याआधी थांबा. बहुतेक वेळा तो पाण्यावरून टप्पे घेत पळणारा आपला नेहमीचा बेडूक असतो, विहिरीत आणि डबक्यात बाराही महिने दिसतो तोच.

पण तयारी मात्र इथेच करायची असते. आवाज ओळखायचा सराव, अंधारात गप्प उभं राहायची सवय, भिजल्या हाताने नोंद लिहिणं हे सगळं स्वतःच्या गावच्या नाल्यावर शिकता येतं, आणि तिथे शिकताना झालेल्या चुका कुणाच्या जिवावर बेतत नाहीत. रातबेडकांच्या ओढ्यात तसं नसतं. तिथे एक चुकीचं पाऊल पडलं तर अंड्यांचा अख्खा पुंजका जातो. म्हणून जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा गावात सराव, आणि मग पुनर्वसू-पुष्याच्या सुमाराला दोन रात्रींसाठी सह्याद्री, असा हिशेब धरा.

आधी गावचं रान

मराठवाड्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहरी. इथले बहुतेक बेडूक त्या लहरीपणाला धरून जगतात. वर्षातला बराच काळ ते जमिनीत, दगडाखाली, विहिरीच्या कपारीत काढतात आणि पहिला दमदार पाऊस झाला की एकदम बाहेर पडतात. मिरगाचा पाऊस चांगला झाला, रानात पाणी साचलं, की पहिल्या 24 ते 48 तासांतली रात्र सोडू नका. पिवळेधमक झालेले मोठे बेडूक, म्हणजे होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनसचे नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात, ते याच एक-दोन रात्री. तिसऱ्या दिवशी तिथे गेलात तर पाण्यात अंडी दिसतील, नर दिसणार नाहीत, आणि 'इथे मोठे बेडूक नाहीत' अशी खोटी नोंद होईल.

या पिवळ्या बेडकाशी रातबेडकाचं एक नातं आहे. ज्या रातबेडकाची ओळख पुढे दिली आहे त्याला 1955 मध्ये नाव दिलं गेलं ते मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचं: नायक्टिबाट्रॅकस हुमायुनी. परदेशी ताटांत बेडकांच्या तंगड्या जात होत्या, त्यांत हा पिवळा बेडूक मोठ्या संख्येने मारला जाई. त्या निर्यातीविरुद्ध अब्दुलअलींनी नेटाने आवाज उठवला आणि 1987 मध्ये भारताने निर्यात बंद केली. सोयाबीनच्या रानात आज किडे खाणारा मोठा बेडूक दिसतो, त्यात या बंदीचा वाटा आहे.

सरावासाठी गावाभोवती सहा ते दहा जागा ठरवा. पाझर तलावाचा काठ, रस्त्याकडेचं डबकं, नाला, जुनी विहीर, शेततळं, मुरमाची खदान असं वेगवेगळं पाणी घ्या. दोन जागांमध्ये निदान 500 मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच थव्याचा आवाज दोनदा मोजला जातो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने सुरुवात करा आणि मध्यरात्रीच्या आत संपवा. प्रत्येक जागी गेल्यावर टॉर्च बंद करून दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. माणसाची चाहूल लागली की बेडूक गप्प होतात, ही दोन मिनिटं त्यांना परत सुरू व्हायला लागतात. मग घड्याळ लावून पाच मिनिटं ऐकायचं.

आवाजाला 0 ते 3 असा अंक द्या. काहीच ऐकू आलं नाही तर 0. एकेक बेडूक वेगळा मोजता येतो आणि आवाज एकमेकांवर चढत नाहीत, तर 1. आवाज एकमेकांत मिसळतात पण संख्येचा अंदाज बांधता येतो, तर 2. सगळा एकच कल्लोळ असेल, मोजणं शक्यच नसेल, तर 3. हे अंक प्रत्येक जातीसाठी वेगळे लिहायचे. नवख्या गटाची हमखास होणारी चूक म्हणजे 3 च्या कल्लोळात दबलेला बारीक आवाज सुटणं. त्यासाठी पाच मिनिटांतलं शेवटचं एक मिनिट फक्त मागच्या, हळू आवाजांसाठी राखून ठेवा.

कान कसा तयार होतो त्याचं उदाहरण द्यायचं तर मायक्रोहायला घ्या. जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा हा बेडूक, पण आवाज एवढा की शोधणारा कायम मोठ्या बेडकाच्या शोधात राहतो. प्लॅस्टिकच्या कंगव्याच्या दातांवरून अंगठ्याचं नख जोरात ओढा, जवळपास तसा तो वाजतो. हा आवाज जिथून येतोय असं वाटतं तिथे टॉर्च मारली तर काही दिसत नाही. मग दोघांनी एकमेकांपासून आठ-दहा पावलांवर उभं राहून आवाजाच्या दिशेने हात करायचा. दोन हातांच्या रेषा जिथे मिळतील तिथे, गवताच्या बुडाशी, पाण्याच्या अगदी कडेला तो बसलेला असतो, आणि गळ्याची पिशवी जवळपास त्याच्या डोक्याएवढी फुगलेली असते. ही दोन हातांची युक्ती पुढे सह्याद्रीतल्या झुडपांतही उपयोगी पडते.

झाडावरच्या बेडकाचा, पॉलिपेडेटिस मॅक्युलॅटसचा, लाकडावर टकटक केल्यासारखा आवाज असतो. तो पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा हौदाच्या भिंतीला फेसाचं घरटं करतो. हे घरटं नीट बघून ठेवा, कारण पाण्याच्या वर अंडी घालायची तऱ्हा इथेच पहिल्यांदा बघायला मिळते. रातबेडूकही अंडी पाण्याच्या वर घालतात, पण फेसाशिवाय.

अशा तीन-चार फेऱ्या झाल्या, प्रत्येकाला चार-पाच आवाज खात्रीने ओळखता येऊ लागले, की गट पुढे जायला तयार झाला. तोवर कुणाला घाई असली तरी थांबवा.

रातबेडूक ओळखायचा कसा

1882 मध्ये बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने ही प्रजाती वेगळी काढली. 2011 मध्ये एकदम 12 आणि 2017 मध्ये आणखी 7 नव्या जातींची भर पडली. 2017 मधल्या जातींतली सगळ्यात लहान 12 मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अंगठ्याच्या नखावर मावेल एवढी. त्या बुटक्या जाती केरळ-तमिळनाडूच्या बाजूच्या. महाराष्ट्रात महाबळेश्वर, खंडाळा, कोयना या पट्ट्यात बघायला मिळतो तो हुमायूनचा रातबेडूक. तो त्यामानाने थोराड, चार-पाच सेंटिमीटरचा.

ओळखीच्या खुणा हात न लावता दिसतात. पाठीची कातडी सुरकुतलेली, ओल्या कापडाला बारीक चुण्या पडाव्यात तशी. डोकं रुंद. डोळ्याच्या मागे कानाचा गोल पडदा आपल्या नेहमीच्या बेडकांत ठळक दिसतो, तो इथे दिसत नाही. डोळ्याची बाहुली उभी, पत्त्यांतल्या चौकटीसारखी टोकदार. आणि बसण्याची जागा: वाहत्या ओढ्याच्या कडेला, दगडाच्या बेचक्यात, अर्धा पाण्यात अर्धा बाहेर, किंवा पाण्यावर झुकलेल्या पानावर.

त्याच ओढ्यात इंडिराना नावाचा दुसरा बेडूक भेटेल. त्याचे पाय लांब, बोटांची टोकं पसरट, कानाचा पडदा स्पष्ट, आणि उडी इतकी लांब की टॉर्चच्या झोतातून क्षणात नाहीसा होतो. त्याची भैकेरं, म्हणजे शेपटीवाली पिल्लं, ओल्या, पाणी झिरपणाऱ्या कातळावर चिकटून राहतात. खडकावर काहीतरी वळवळतंय असं वाटलं तर पाय मागे घ्या. तिसरा, झुडपात कमरेच्या उंचीवर ओरडणारा छोटा बेडूक, राओर्चेस्टिस. सी. आर. नारायण राव या प्राणिशास्त्रज्ञांच्या नावावरून 2010 मध्ये या प्रजातीचं नाव ठेवलं. याच्या अंड्यातून भैकेर निघतच नाही, थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. त्यामुळे झुडपांच्या बुडाशी, पाण्यापासून लांब असलेला पालापाचोळा तुडवणंही तितकंच वाईट.

हुमायूनच्या रातबेडकाचं मीलन बेडकांच्या जगात वेगळंच आहे. बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट कवटाळतो. इथे नर मादीच्या पाठीवर येतो, पण तिला न धरता हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो. शुक्र तिच्या पाठीवर सोडून तो बाजूला होतो, मग मादी अंडी घालते, आणि पाठीवरून ओघळलेलं शुक्र अंड्यांपर्यंत पोचतं. हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच अभ्यासात मादीही आवाज देते हे कळलं, बेडकांत ही दुर्मीळ गोष्ट. हे सगळं एका पानावर, काही मिनिटांत घडतं. मध्येच कुणी पान हलवलं किंवा तोंडावर झोत मारला, तर जोडी पाण्यात उडी घेते आणि ती रात्र वाया जाते.

बूट धुणे: यात सूट नाही

बेडकांच्या कातडीला होणारा कायट्रिड बुरशीचा रोग जगभर पसरला आहे. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतात, काही प्रमाणात श्वासही. कातडी बिघडली की हृदय बंद पडतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार या बुरशीमुळे निदान 501 जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या 90 नामशेष झाल्याचं मानलं गेलं. उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांतही ही बुरशी असल्याची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तिला 17 ते 25 अंश तापमान मानवतं, म्हणजे पावसाळ्यातला सह्याद्रीचा ओढा नेमका. आपल्या गावात उन्हाने ती मरेल, पण एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात आपण तिला बुटाच्या चिखलातून सहज नेऊ शकतो. हे थांबवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

चामड्याचे किंवा कापडी बूट नेऊ नका, ते पावसाळ्यात वाळत नाहीत. गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट न्या. निघायच्या आदल्या दिवशी असं करा.

आधी ब्रश आणि साध्या पाण्याने चिखल पूर्ण काढा. तळव्याच्या खाचांतली काळी माती जुन्या दातघासणीने किंवा काडीने खरवडून काढावी लागते. ही पायरी टाळली तर पुढचं सगळं फुकट, कारण माती आणि पालापाचोळा क्लोरिन खाऊन टाकतात आणि बुरशीपर्यंत ते पोचतच नाही.

मग क्लोरिनचं पाणी. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल पावडर चालते. ताज्या, बंद पुड्यात साधारण 33 टक्के क्लोरिन असतं. लिटरला 30 ग्रॅम टाकली की 1 टक्क्याचं द्रावण होतं. म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 300 ग्रॅम. पुडा उघडा पडून राहिलेला असेल तर दमट हवेत त्याचा जोर गेलेला असतो. अशा वेळी 400 ते 500 ग्रॅम घ्या, किंवा सरळ नवा पुडा आणा. बादली प्लॅस्टिकचीच हवी, लोखंडाची गंजते. काडीने ढवळून अर्धा तास ठेवा, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा. टीसीएल नसेल तर दुकानातलं 4 ते 5 टक्क्यांचं पातळ ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग. बूट, काठीचं टोक, रेनकोटची खालची कड, बॅगेचा बूड, ट्रायपॉडचे पाय, जे जे जमिनीला लागतं ते सगळं 15 मिनिटं भिजू द्या. मग साध्या पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. पूर्ण वाळणं हेसुद्धा या बुरशीला मारतं.

काम उघड्यावर करा, रबरी हातमोजे घाला. या पाण्यात संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. द्रावण त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. उरलेलं पाणी नाल्यात, विहिरीजवळ किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही. कोरड्या मुरमाड जागेवर ऊन असताना ओता.

एकाच रात्री दोन ओढे बघायचे असतील तर बादली बरोबर नेता येत नाही. तिथे फवारणीच्या बाटलीत 70 टक्क्यांचं स्पिरिट घ्या. पहिल्या ओढ्यापासून वर डांबरी रस्त्यावर या, ब्रशने चिखल झाडा, तळवे आणि कडा ओल्या होईपर्यंत फवारा, दोन मिनिटं थांबा, वाळू द्या. हे ओढ्याच्या काठावर करू नका. स्पिरिट आणि क्लोरिन, दोन्ही बेडकाच्या उघड्या कातडीला विष आहेत.

आणखी एक गोष्ट जळवांची. पहिल्यांदा सह्याद्रीत जाणारे पिशवीत मीठ आणि तंबाखू घेऊन निघतात. दोन्ही घरी ठेवा. पायावर चोळलेलं मीठ आणि तंबाखूचं पाणी पहिल्या पावलाला ओढ्यात उतरतं. जळवांसाठी गुडघ्यापर्यंत येणारे जाड, घट्ट विणीचे मोजे पँटच्या वरून घाला. जळू लागलीच तर नखाने आडवी सरकवून काढा. डास पळवणारं मलम लावायचंच असेल तर हाताच्या पंजांना लावू नका.

कुठे, कधी, किती जण

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकडून पुण्यामार्गे महाबळेश्वर किंवा कोयना, आणि लातूर-धाराशिवकडून सोलापूर-पंढरपूर मार्गे सातारा, हे रस्ते सोयीचे. कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत रात्री फिरता येत नाही. वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि ती महिनाभर आधी मागावी. गावाच्या हद्दीतल्या खासगी ओढ्यालगत जायचं असेल तर मालकाला विचारून, दिवसा एकदा जागा बघून मगच रात्री जा. दिवसाची फेरी टाळू नका. घसरडे कातळ, डोह, परतीची वाट हे सगळं उजेडात डोळ्याखालून गेलेलं असेल तर रात्री पाय चुकीच्या ठिकाणी पडत नाही.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे पाऊस म्हणजे बेडूक, हे गणित तिथे जसंच्या तसं चालत नाही. धो-धो पावसात ओढ्याच्या आवाजात सगळं बुडून जातं, काही ऐकू येत नाही, आणि पाणी चढण्याचा धोका वेगळाच. हवी असते ती रिपरिप, किंवा पाऊस थांबून तासाभराने आलेली धुक्याची, वारा नसलेली रात्र. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, तर वर कुठेतरी जोरात पडलाय असं समजून लगेच काठावर चढा. नोंद अर्धी राहिली तरी चालेल.

माणसं पाच-सहा, त्याहून जास्त नकोत. बस भरून चाळीस मुलं नेली तर त्यांना रस्त्याकडेचे आवाज ऐकवा, ओढ्यापाशी नेऊ नका. पाच जणांत कामं वाटून घ्या: पुढचा टॉर्चवाला, एक लिहिणारा, एक आवाज टिपणारा, एक फक्त साप आणि पाण्याची पातळी बघणारा, आणि एक त्याच गावचा माणूस. गावच्या माणसाला त्याच्या रात्रीचे पैसे द्या आणि त्याचं ऐका.

सापांचं सांगायचं तर, आपल्याकडे घोणस, मण्यार, फुरसं हे जमिनीवर असतात, म्हणून आपली नजर खाली असते. सह्याद्रीत हिरवा चापडा ओढ्यावरच्या फांदीवर, हाताच्या उंचीवर, बेडकांचीच वाट बघत बसलेला असतो. फांदी धरून तोल सावरायची सवय सोडा. काठी वापरा.

ओढ्यात

ओढ्याचा 100 मीटरचा तुकडा आखून घ्या आणि खालून वर जा. वर जाताना गढूळ झालेलं पाणी मागे राहतं, पुढचं नितळ असतं. वेग म्हणजे 100 मीटरला निदान 45 मिनिटं. चालायचं काठावरून, कोरड्या दगडांवरून. पाण्यात पाय घालायचा नाही. दगड उलटायचे नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना अंग घासल्याने. रातबेडकाची अंडी पाण्याच्या वर असतात, पानावर किंवा ओल्या दगडाच्या बाजूला, पारदर्शक जेलीच्या छोट्या पुंजक्यात. आत काळसर-पांढरट ठिपके दिसतात; काही दिवसांचा पुंजका असेल तर जवळून, न हलता पाहिलं तर ठिपक्याला शेपूट फुटलेली आणि ती मध्येच झटका देताना दिसते. भैकेर तयार झालं की जेली सुटते आणि ते खालच्या पाण्यात पडतं. म्हणजे त्या पानाच्या बरोबर खाली पाणी असणं हेच त्याचं जगणं. फोटो नीट यावा म्हणून कुणी फांदी वीतभर काठाकडे ओढली आणि ती तिकडेच अडकून राहिली, तर सगळी भैकेरं कोरड्या मातीवर पडून मरतील. पान तोडणारा तर त्यांना मारतोच. म्हणून पुढे सरकण्याआधी समोरच्या प्रत्येक फांदीच्या पानांवर आणि पानांखाली मंद झोत फिरवा, पुंजका दिसला तर मागच्यांना हाताने खूण करा आणि वाकून नाही, वळसा घालून पुढे जा. रेनकोटची सैल कड कमरेला बांधून घ्या.

टॉर्च डोक्यावरची असावी, तिच्यावर लाल जिलेटीनचा दुहेरी कागद रबराने बांधा. पांढरा झोत फक्त ओळख पटवायला, पाच-सात सेकंद. फ्लॅशचे फोटो एका बेडकाचे दोन-तीन, त्याहून जास्त नाहीत; जोडीचे आणि अंडी घालणाऱ्या मादीचे फ्लॅशने एकही नाही. फोटोत तीन गोष्टी याव्यात: डोक्याची बाजू, म्हणजे डोळा आणि कानाची जागा; पाठीची कातडी; आणि बोटांची टोकं. मापासाठी पट्टी बेडकाला टेकवू नका, तो गेल्यावर तो बसलेल्या पानाचा किंवा दगडाचा पट्टीसह फोटो घ्या. आवाज मोबाइलवर ऐकवून बेडकाला बोलतं करायचं नाही. नर त्याला प्रतिस्पर्धी समजून जागा सोडतो किंवा भांडायला येतो, आणि मादी निघून जाते.

बेडूक पकडायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. एकच अपवाद, रस्त्यावर चाकाखाली येणारा. त्यासाठी नवी, कोरी प्लॅस्टिक पिशवी हातावर उलटी चढवा, साध्या पाण्याने ओली करा, तो ज्या दिशेला निघाला होता त्याच दिशेला रस्त्याबाहेर ठेवा. प्रत्येक बेडकाला वेगळी पिशवी.

आवाज टिपताना मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका आणि फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा. नेहमीच्या ॲपमध्ये बारीक आवाज 'गोंगाट' समजून पुसला जातो, तो पर्याय बंद करा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा आणि तापमान बोला. तापमान का, तर बेडकाचं अंग हवेबरोबर गार-गरम होतं आणि त्याच्या आवाजाचा वेगही त्यानुसार बदलतो. 19 अंशाला टिपलेला आणि 24 अंशाला टिपलेला एकच बेडूक दोन वेगळ्या जातींसारखा वाटू शकतो. छत्रीखाली उभं राहून रेकॉर्डिंग केलं तर फक्त छत्रीवरचा पाऊस ऐकू येतो. मोबाइलवर घडी केलेला सुती रुमाल टाका आणि हात अंगापासून लांब धरा.

नोंद पेन्सिलने लिहा. शाई ओघळते. कागदावर एवढं हवं: तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, ओढ्याचं ठिकाण आणि समुद्रसपाटीपासून उंची, हवेचं आणि पाण्याचं तापमान, आदल्या 24 तासांतला पाऊस, त्या वेळचा पाऊस-वारा-धुकं, प्रत्येक बेडकाची जागा, पाण्यापासूनचं अंतर, आवाजाचा अंक, अंड्यांचे पुंजके किती आणि पाण्यापासून किती उंचीवर. ओळख पटली नाही तर 'प्रकार 1', 'प्रकार 2' असं लिहा आणि फोटोचा क्रमांक जोडा. अंदाजाने जातीचं नाव लिहू नका; अशा नावांच्या नोंदी पुढे वर्षानुवर्षं लोकांची दिशाभूल करतात. काहीच सापडलं नाही तर शून्यही लिहा. तीन पावसाळे त्याच ओढ्यात त्याच पंधरवड्यात गेलात, तर शून्याचं मोल कळतं.

परतल्यावर

मुक्कामावरूनच बूट ब्रशने झाडून, फवारून निघा आणि गावी पोचल्यावर बादलीची सगळी पद्धत पुन्हा करा. आपल्या पाझर तलावातल्या बेडकांनाही तेवढंच जपायचं आहे.

आठवडाभरात नोंदी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाका. तिथे जाणकार ओळख तपासतात. ठिकाण मात्र धूसर ठेवायचा पर्याय निवडा. समाजमाध्यमांवर ओढ्याचं नाव, वळण, नकाशावरची खूण काहीच देऊ नका. आंबोलीच्या कातळावरच्या झँथोफ्राइने टायगेरिना या भेकाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा: तो त्या एका पठाराच्या परिसरातच आहे आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तो उथळ, बोटभर पाण्याच्या डबक्यांत अंडी घालतो. फोटोसाठी रात्री तिथे जमलेल्या गर्दीच्या पायाखाली अशी डबकी येणं किती सोपं आहे, ते जागा पाहिल्यावर कळतं.

आणि गावात एक काम लगेच करता येईल. प्लॅस्टिकचा कागद टाकलेल्या शेततळ्यात बेडूक उतरतो, पण गुळगुळीत उतारावरून वर येऊ शकत नाही, दमून बुडतो. चारही बाजूंना एकेक सुतळीचं पोतं किंवा काथ्याची जाळी वरच्या कडेला दगडाने दाबून पाण्यात दीड-दोन फूट बुडेल अशी सोडा. पाणी उतरलं की लांबी वाढवा. नायलॉनचं पोतं नको, ते निसरडं होतं आणि धाग्यांत पाय अडकतात. कडेची तार उघडी ठेवू नका, कागद फाटतो. पोतं दर पावसाळ्याच्या सुरुवातीला बदला. धोंडी काढताना काही गावांत जिवंत बेडूक बांधतात. तिथल्या मुलांशी बोला, लिंबाचे डहाळे पुरेसे आहेत, बेडूक पाण्यात राहू द्या.